सुरुंग, घरजावई आणि मामलेदार

आमच्या घरात दोन आवाज रोज व्हायचे आणि मला दोन्हींची भीती वाटायची. पहिला खाणीतला. दुपारी भोंगा वाजायचा, मग काही वेळ अगदी शांत, आणि त्या शांत वेळात मी कानांत बोटं घालून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी राहायची. मग लांबून धडाका यायचा आणि फळीवरच्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. दुसरा आवाज आमच्याच पुढच्या खोलीतला. तिथे बाबांचं बिलियर्डचं टेबल होतं. डाव सुरू करताना त्रिकोणात मांडलेले रंगीत गोळे पांढऱ्या गोळ्याने फोडले, की त्याला साऱ्या डिचोलीत 'सुरुंग लावणं' म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. खाणीतला सुरुंग निदान भोंगा देऊन लागायचा, पुढच्या खोलीतला कधीही लागायचा आणि मग पाचसहा पुरुष एकदम हसायचे. त्या हसण्याचीही मला भीती वाटायची. भिंतीपलीकडून कोणी हसलं की ते आपल्यालाच हसत असणार, अशी माझी खात्री असे.

मी भित्री होते हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खनिजाने भरलेले टिपर रस्त्यावरून धाडधाड जाऊ लागले की मी गटारापलीकडे उडी मारायची. मयेच्या तळ्यात कोणी बुडाल्याचं ऐकलं की आठवडाभर विहिरीवर जायची नाही. संध्याकाळी पोफळीच्या बागेत देवचार फिरतो असं शेजारची म्हातारी सांगायची, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच. घरात मला भागूबाई म्हणत. आई वैतागून म्हणायची, बाबा लाडाने म्हणायचे, आणि खेळायला येणारे लोक चहा घेताना सहज म्हणायचे. माझं खरं नाव त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसेल.

टेबल आमच्याकडे आलं ते माझ्या जन्माच्या आधी. पोर्तुगीज अंमलदारांचा एक लहानसा क्लब होता, तो माणसं निघून गेल्यावर ओस पडला आणि त्यातलं सामान विकायला निघालं. लोकांनी कपाटं घेतली, आरसे घेतले, वेताच्या खुर्च्या घेतल्या. बाबा तेव्हा सडेफटिंग होते, त्यांनी टेबल घेतलं. लग्न होऊन आई आली तेव्हा घरात तिला पहिल्यांदा दिसलं ते हे जाळीच्या खिशांचं, हत्तीच्या पायांचं टेबल, आणि तिच्या स्वयंपाकघरापेक्षा ते मोठं होतं. ती त्यावर कधी रुसली नाही, पण त्याच्याशी तिची कायमची लढाई होती. टिपरांची तांबडी धूळ दारांखिडक्यांतून येऊन हिरव्या कापडावर बसायची. आई सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की मऊ ब्रश घेऊन ते कापड झाडायची, एकाच दिशेने, सुपात तांदूळ निवडावेत तसं मन लावून. दुपारपर्यंत ते पुन्हा तांबूस व्हायचं. "म्हजें अर्दें आयुश्य ह्या मेजार गेलें," असं ती म्हणे, आणि कोणी ब्रश हातातून घेऊ लागला तर देत नसे.

खेळाबरोबर पोर्तुगीज शब्दही आले होते. काठीला 'ताको' हा एक टिकला. बाकीचे बाबांनी हद्दपार केले. परक्या शब्दांवर त्यांचा राग होता असं नाही, नावं ठेवणं हा त्यांचा छंदच होता. एखादा गोळा खिशाच्या अगदी तोंडाशी जाऊन थांबला की ते म्हणत, "फेरी लागली, पूण फळी घालूंक ना." म्हणजे होडी धक्क्याला लागली, पण उतरायला फळी कोणी टाकली नाही. तेव्हापासून अशा गोळ्याला 'फेरी'. टेबलाच्या कडेला चिकटून बसला आणि हलेना तो 'घरजावई'. दोन गोळे एकमेकांना लागून राहिले की ते 'पाव', कारण पोदेर आमच्या दारी पाव आणायचा ते असेच जोडीने भाजलेले असत. "ते पाव पयलीं मोड, मागीर बाकीचें पळोवया," असं कोणीतरी म्हणायचंच. काळा गोळा सगळ्यांत शेवटी घालायचा असे, चुकून आधी गेला तर डावच हातचा जाई. तो 'मामलेदार'. सगळे कागद तयार करून शेवटी त्याच्यासमोर उभं राहायचं, आधीच गेलात तर झालेलं कामही बिघडायचं. कोणी काठी रोखून फार वेळ विचार करत राहिला की बाबा खुर्चीवर बसून घेत आणि म्हणत, "बसली कोमुनिदाद." कोमुनिदाद म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार पाहणारी आमची जुनी संस्था. तिच्या बैठकीला माणूस सकाळी गेला तर जेवायला येईलच याची खात्री नसे. नेम एकीकडे धरला आणि भलताच गोळा भलत्याच खिशात पडला, तर तो 'उजवा कौल'. देवळात देवाला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवीकडून खाली आली म्हणजे देवाने होकार दिला, त्यात आपलं कर्तृत्व काही नसतं, तसंच हे.

पांढरा गोळाच खिशात पडला तर तो 'बांयत', म्हणजे विहिरीत गेला. हे नाव आईला मुळीच आवडत नसे. भरल्या घरात विहिरीत पडण्याची भाषा नको म्हणायची. मलाही आवडत नसे. अभ्यास करताना पलीकडून "गेलो बांयत" असं ऐकू आलं की मी पेन खाली ठेवायची, आणि कोणी पडलं नाही हे स्वतःला बजावायला दर वेळी थोडा वेळ लागायचा.

बाबा नाव कसं ठेवत हे मला दारातून दिसायचं. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या उंबऱ्यावर माझी जागा. ते आधी ताकोच्या टोकाला खडू लावत. मग टेबलावर जे घडलं ते जरा वेळ बघत राहत. मग हळू आवाजात, अगदी कोरड्या चेहऱ्याने, नाव सांगत. स्वतः हसत नसत. लोकांचं हसून झालं की पुन्हा खडू. शिरगावच्या जत्रेला गेलेली माणसं परत आली की आधी आमच्याकडे येत आणि विचारत, "शाबीबाब, नवें नांव कितें काडलें?" बाबांना लोक शाबीबाब म्हणत. पुढे बऱ्याच वर्षांनी पेडण्याच्या एका हॉटेलात दोन अनोळखी पोरं कॅरम खेळताना 'घरजावई' म्हणाली, तेव्हा मी चहाचा कप ठेवून मागे वळून पाहिलं होतं.

बाबांचा रोजचा जोडीदार म्हणजे पांडूबाब. शाळेत कारकून होते, उंच, शिडशिडीत, धोतर पांढरंशुभ्र. दोघांनी एकमेकांना हरवण्यात आयुष्य घालवलं होतं. मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हे भाषेचं आंदोलन आलं. ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आता समजावणं कठीण आहे. आम्ही घरात कोकणी बोलत होतो आणि शाळा, आरत्या, पत्रं, वर्तमानपत्र सगळं मराठीत होतं, आणि या दोन गोष्टींमध्ये निवड करायची असते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. बाबा मराठीच्या बाजूचे झाले, पांडूबाब कोकणीच्या. दोघं एकाच बोलीत भांडले, इतके की आईने मधलं दार लावून घेतलं. त्यानंतर पांडूबाब यायचे राहिले नाहीत, पण बोलायचे राहिले. ते येत, ताको घेत, खेळत, जात. बाबांनी दारावर नियम सांगून टाकला, "सत्री आनी भास भायर दवरची." छत्री आणि भाषा बाहेर ठेवायची. लोक हसले. पांडूबाब हसले नाहीत, छत्री मात्र बाहेर ठेवली.

ते दिवस भीतीचेच होते. रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, बसेस बंद, बाजार अर्ध्या फळ्या लावून चालणारा. शाळा-कॉलेजं बंद म्हणून मी घरीच. कुठे दगड पडले, कुठे कोणाची गाडी जळली, अशा बातम्या दारावरून जाणारा प्रत्येक माणूस टाकून जायचा. सकाळी पोदेराचा भोंगा वाजेनासा झाला आणि त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण भ्यायला न लागणारा तेवढा एकच आवाज आमच्या रस्त्यावर होता. मासळी येत नव्हती. आई सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर आणि कुळथाची पिठी करायची, पेजेबरोबर तोरांचं, कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं द्यायची, आणि जेवताना कान रस्त्याकडे लावून बसायची. आमच्या खोलीत दोन्ही बाजूंची माणसं खेळायला येतात हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना आमचा राग येऊ शकतो, असा हिशेब मी करून ठेवला होता. टेबल कोणी फोडलं तर काय, हा विचार मी दिवसातून कितीदा तरी करायची. माझी भीती चुकीच्या जागी बसली होती हे नंतर कळलं.

एका दुपारी, जेवणं आटोपली होती, दाराच्या फळ्या अर्ध्या लावून आत डाव चालला होता. बाबा आणि पांडूबाब खेळत होते. भिंतीशी चारपाच जण. त्यांत बाळू चौगुले होता, कोल्हापूरकडचा टिपरवाला. खाण बंद, गाडी आमच्या बाजूच्या मैदानात उभी, म्हणून तो दिवसभर आमच्याकडेच. पांडूबाबांचा पांढरा गोळा जाऊन एका कोपऱ्यात अडकला. बाबांनी खडू लावला. टेबलाकडे बघत राहिले. सगळे वाट बघू लागले.

"हो कांदो," बाबा म्हणाले.

लोक हसले. पांढऱ्या गोळ्याला कांदा, वाईट नाही. बाबा पुढे म्हणाले, "कांदो सोमाराक सुकत घाल. पुलार."

आता हसणं वाढलं. कोणीतरी म्हणालं, शाबीबाब आज रंगात आहेत. बाबा म्हणाले, "तारीख शिजली. तारीख, तारीख, कांदो." आणि महिन्याभरात पहिल्यांदाच पांडूबाब हसले. मला ते अजून दिसतं. आधी ओठ दाबून धरले, मग खांदे हलू लागले, मग त्यांनी ताको टेबलाला टेकवून ठेवला आणि डोळे पुसले. भिंतीशी बसलेल्या लोकांनी ते पाहिलं आणि तेही खुलले. भांडण मिटलं, असंच सगळ्यांना वाटलं. पुढची खोली कित्येक दिवसांनी पहिल्यासारखी वाजत होती.

मी उंबऱ्यावर होते. बाबा खडू लावत होते, पण ताकोच्या जाड टोकाला, हातात धरायच्या बाजूला. निळी भुकटी त्यांच्या धोतरावर पडत होती आणि ते घासतच होते. मग त्यांनी वर पाहिलं. लोकांकडे नाही, माझ्याकडे. वर्गात उत्तर न येणारं मूल शेजारच्याकडे बघतं, तशी ती नजर होती.

"बाबाक कितें तरी जालां," मी म्हणाले.

माझा आवाज कोणाला गेला नाही. मी मोठ्याने म्हणाले. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "भागूबाई, तुका आनीक कांद्याचोय भंय दिसता?" त्यावरही लोक हसले. मी आत जाऊन आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "भियेलें हें परत," आणि हात न थांबवता विचारलं, आता काय झालं. मला सांगता येईना. बाबा विनोद करताहेत आणि लोक हसताहेत, यात घाबरण्यासारखं काय ते मला शब्दांत पकडता येत नव्हतं. "ते हांसयनात गे," मी म्हणाले, "ते हांसयनात. ते विचारतात." हसवत नाहीत, विचारताहेत, एवढंच मला सांगता आलं. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पातेलं खाली ठेवलं.

आम्ही दारात पोहोचलो तेव्हा ताको बाबांच्या हातातून पडला होता. ते वाकून उचलू बघत होते, उजवा हात ताकोच्या बाजूला नुसता फिरत होता, बोटं मिटत नव्हती. हसणं एकेकाचं थांबत गेलं. सगळ्यांत शेवटी पांडूबाबांचं थांबलं.

बाजारातले डॉक्टर धावत आले. त्यांनी बाबांना जीभ बाहेर काढायला सांगितलं, हात दाबायला सांगितला, आणि आईला बाजूला घेऊन म्हणाले की म्हापशाला हॉस्पिटलात न्या, उशीर करू नका, वाटेत वेळ गेला तर मी काही सांगू शकत नाही. टॅक्सीवाल्यांनी हात जोडले. काचा कोण भरून देणार, असं एक जण म्हणाला, आणि त्याचंही खोटं नव्हतं. तेव्हा बाळू चौगुले पुढे आला. "वैनी, गाडी हाय की," तो म्हणाला. "डांबरी रस्त्यानं न्हाई जायाचं. खाणीतनं काढतो शिरगावच्या अंगाला. बसा तुमी." कॅबिनमध्ये बाळू, बाबा, आई आणि मी कसेबसे मावलो. पांडूबाब कोणाला न विचारता मागच्या हौद्यात चढले.

ज्या खाणीच्या आवाजाला मी जन्मभर कान झाकले होते, तिच्या पोटातून आम्ही गेलो. तांबड्या मातीच्या पायऱ्या दोन्ही बाजूंना, खाली साचलेलं पाणी, कुठे माणूस नाही. त्या दिवशी मला खाणीची भीती वाटायची राहूनच गेली. सगळी भीती एका जागी गोळा झाली होती. बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, ते मधूनमधून उचलायचे आणि मला काहीतरी सांगायचे, अगदी समजावून, आणि त्यातला एकही शब्द जागेवर नसायचा. आई म्हणत होती, "उलोवं नाकात, उगी रावात." तिला वाटत होतं बोलण्याने शक्ती जाते. मला वाटत होतं की ते बोलायचे थांबले तर संपलं.

खाणीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्याच्या अलीकडच्या वळणावर फणसाचं खोड आडवं टाकलेलं होतं. दहाबारा तरुण पोरं, हातांत दांडे, काहींच्या तोंडाला फडकी. गाडी थांबली. आईने बाळूला आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही तोंड उघडू नका, तुमच्या बोलण्यावरून लगेच कळेल. तो स्टिअरिंग धरून समोर बघत बसला. एकाने दाराच्या पत्र्यावर दांडा आपटून विचारलं, "खंयचे तुमी? मराठीवाले काय कोंकणीवाले?"

ती पोरं कुठल्या बाजूची होती हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. झेंडा नाही, फलक नाही, आणि बोलणं दोन्ही बाजूंचं सारखंच. मराठीवाल्यांची असती तर बाबांच्या नावाने वाट मिळाली असती, कोकणीवाल्यांची असती तर पांडूबाबांच्या. उलटं झालं असतं तर काय, ते माझ्या मनाने तेवढ्यात पूर्ण रंगवून घेतलं. आणि अशा वेळी घरासाठी बोलायची सवय ज्यांना होती ते बोलले. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि अगदी सभ्यपणे, मोठ्या माणसाने लहानांना सांगावं तसं, म्हणाले, "सोमाराच्या पुलार कांदो. तारीख दिवची. तीन तारीख."

पोरं हसली. "पियेला रे हो," एक जण म्हणाला. दुसऱ्याने बाबांची नक्कल केली. पुन्हा हसणं.

बाबांचा चेहरा माझ्या शेजारीच होता. पुढच्या खोलीत लोक हसत होते तेव्हा बाबांना काही समजलं नव्हतं. इथे समजलं. आपण एक सांगतो आहोत आणि तोंडातून दुसरं येतं आहे, आणि लोक त्याला हसताहेत, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी मान आत घेतली, तोंड मिटलं, आणि डाव्या हाताने ते दाबून धरलं.

मी दार उघडून खाली उतरले. हे धैर्य होतं असं मला कोणी सांगू नये, टिपरच्या पायरीवरून उतरताना मी जवळजवळ पडलेच. मी म्हणाले, "हांसूं नाकात. तांकां सगळें कळटा." मग म्हणाले, "आमी दिवचलचीं. बाबाक हॉस्पितालांत व्हरतात." मराठी की कोकणी, याचं उत्तर मी दिलंच नाही. सुचलंच नव्हतं. फक्त गावाचं नाव सुचलं, दिवचल, म्हणजे डिचोली.

मागून धप्प आवाज झाला. पांडूबाब हौद्यातून उतरले होते. खनिजाच्या धुळीने डोक्यापासून पायापर्यंत तांबडे, धोतर तांबडं, पापण्या तांबड्या. ते कोण, कोणत्या बाजूचे, हे त्यांच्या घरच्यांनीही ओळखलं नसतं. ते सरळ गेले, वाकले, आणि त्या वयात एकटेच ते फणसाचं खोड ओढू लागले. खोड हलेना. ते ओढत राहिले. मग फडकं बांधलेल्या एका पोराने हातातला दांडा टाकला आणि दुसरं टोक धरलं, आणि मग बाकीचे आले. ती पोरं कुठल्या बाजूची होती हे मला आजही ठाऊक नाही. आज ती माझ्यासारखीच म्हातारी झाली असतील, कदाचित पेडण्याच्या बाजारात माझ्या शेजारी उभी राहून भाजीही घेत असतील.

बाबा वाचले. उजवा पाय थोडा ओढत चालू लागले, हातात बळ आलं, पण शब्द सावकाश आले आणि आले ते कुठल्याही क्रमाने आले. पांडूबाब शाळेतून सुटले की रोज आमच्याकडे येत आणि बाबांसमोर वस्तू धरत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जो शब्द येईल तो घ्या, अडवू नका. एकदा आईने चमचा धरला आणि म्हणाली, चमचा. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुलेर." आमच्या घरात चमच्याला कुलेर म्हणतच असत, तरी मी पांडूबाबांकडे पाहिलं, आता मराठीवाल्याला कोकणी शब्द आला, असं काही बोलतील म्हणून. त्यांनी आईच्या हातातला चमचा घेऊन खाली ठेवला आणि वाटी उचलली. भाषेचा निकाल लागला तेव्हा दोन्ही बाजूंना काही ना काही मिळालं म्हणे. पुढे गोवा राज्य झालं, गावात फटाके वाजले. बाबा फटाक्यांना दचकले आणि त्यांनी माझा हात धरला, तेव्हा मला वाटलं की घरात आता दोन भागूबाई झाल्या.

पुढच्या खोलीत ते पुन्हा उभे राहिले त्या दिवशी सगळे आले होते. आईने कापड दोनदा झाडलं. डाव सुरू झाला, लोक जपून खेळत होते, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. पांडूबाबांनी मारलेला गोळा सगळ्या टेबलभर फिरून जिथून निघाला तिथेच येऊन थांबला. बाबांनी खडू लावला, बारीक टोकाला. बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मुंबयचो चाकरमानी. गणेशचवथीक घरा आयलो."

ते नाव चांगलं होतं. नेमकं होतं. सगळे हसले, सुटल्यासारखे हसले. आणि बाबांचं तोंड पांढरं पडलं. ताको टेबलावर ठेवून त्यांनी डाव्या हाताने ओठ झाकले आणि उंबऱ्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. आपल्याला काय म्हणायचं होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण तेच तोंडातून बाहेर आलं की दुसरंच काही, हे ठाऊक नव्हतं. हसण्यावरून ते त्यांना कधीच कळणार नव्हतं. मी म्हणाले, "बरोबर उलयले, बाबा. चाकरमानी म्हणाले तुमी." त्यांनी हात खाली घेतला.

तेव्हापासून मी खोलीत असल्याशिवाय बाबा खेळताना बोलले नाहीत. मी कॉलेजातून येईपर्यंत मुक्याने खेळत. माझं लग्न होऊन मी पेडण्याला आले तेव्हा मला सासरची भीती वाटली नाही, आश्चर्यच म्हणायचं. मला भीती वाटत होती ती डिचोलीच्या पुढच्या खोलीची, तिथल्या शांततेची. मी माहेरी गेले की बातमी आपोआप फिरे. "चेडूं आयलां, आयज शाबीबाब उलयतले," असं सांगत लोक जमत, पांडूबाब आधी येऊन बसत, आणि बाबा साठवून ठेवलेलं सगळं एका दुपारी बोलून घेत. एकेक नाव टाकत आणि माझ्याकडे बघत, मी मान हलवी, मग पुढचं. लोक पोट धरून हसत. मी एकेक शब्द कान देऊन ऐकत असे, तो जागेवर आहे ना, एखादा कांदा मध्येच तर आला नाही ना. पाहुणे म्हणत, शाबीबाबाची मुलगी भारी गंभीर. बाबा गेले तोवर अशा कितीतरी दुपारी झाल्या, आणि माझ्या बापाच्या एकाही विनोदाला मी हसले नाही.